भूत नंतर, आधी नियम शोधा: आफ्रिकेच्या इतिहासातून पॅरानॉर्मल रोमान्स लिहिताना

पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे भुताखेतांच्या प्रेमकथा, लिहिणाऱ्यांची एक ठरलेली खोड आहे. आफ्रिका म्हटलं की घनदाट जंगल, ढोल, एक म्हातारा मांत्रिक आणि त्याने दिलेला शाप, आणि मग दोन पानांत गाडी परत त्याच गोऱ्यापान युरोपियन व्हॅम्पायरवर येते, फक्त या वेळी त्याच्या गळ्यात मण्यांची माळ असते. ५४ देश आहेत हो तिथे. प्रत्येकाचे मेलेले वेगळे, त्यांचे राग वेगळे, त्यांना शांत करायच्या पद्धती वेगळ्या. तेव्हा 'आफ्रिकन भूत' असं काही नसतं हे आधी डोक्यात पक्कं करा आणि मग पेन उचला.

आता रोमान्सला लागतं काय? दोघांना एकत्र यायचंय आणि येता येत नाहीये, बास. हे 'येता येत नाहीये' जितकं खरं तितकी गोष्ट चालते. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आफ्रिकेतल्या लढायांच्या इतिहासात तुम्ही भुतं शोधू नका, नियम शोधा. कुणी कुणाला शिवायचं नाही, कुणी कुणाच्या घरात जेवायचं नाही, मेलेल्याला घरी कसं आणायचं, शपथ मोडली तर काय होतं. युद्ध आलं की हे नियम एक तर मोडतात नाहीतर जास्त कडक होतात, आणि तिथेच तुमचा प्लॉट पडलेला असतो.

उदाहरण घ्या. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध चाललं. तिथे मेंडे लोकांमधले कामाजोर नावाचे पारंपरिक शिकारी गावं वाचवायला उभे राहिले, आणि त्यांची दीक्षा घेतली की गोळी लागत नाही अशी श्रद्धा होती. पण फुकट नाही. नियम पाळायचे, लुटायचं नाही, आणि लढाईच्या आधी बाईचा स्पर्श नाही. नियम मोडला की संरक्षण गेलं. आता बघा, तुम्हाला वेगळा शाप बिप शोधायची गरजच काय? ती त्याचा हात धरते आणि दुसऱ्या दिवशी तो मरू शकतो. रोमान्समधला सगळ्यात साधा सीन, हात धरायचा, तो इथे जिवावरचा होतो. (खऱ्या युद्धात कामाजोरांच्या फौजेवरही अत्याचाराचे आरोप सिद्ध झालेत, स्पेशल कोर्टात त्यांच्या नेत्यांना शिक्षा झाली, तेव्हा हिरोला देवमाणूस करून टाकू नका.)

असंच झिम्बाब्वेत. १९७० च्या दशकातल्या स्वातंत्र्ययुद्धात गनिमी सैनिक सीमेपलीकडून यायचे आणि झांबेझीच्या खोऱ्यात त्यांना म्होंडोरोंचं, म्हणजे जुन्या राजांच्या आत्म्यांचं संरक्षण घ्यावं लागायचं, आणि हे आत्मे ज्यांच्या अंगात येतात ती माध्यमं त्यांना नियम घालून द्यायची, बाईशी संबंध ठेवायचे नाहीत, जंगलातली जनावरं मारायची नाहीत. त्याआधी १८९८ मध्ये इंग्रजांनी चार्वे नावाच्या बाईला फाशी दिलं होतं, तिच्या अंगात नेहांडाचा आत्मा येत असे. म्हणजे एक बाई मेली पण नेहांडा मेली नाही, ती पुढे दुसऱ्या कुणाच्या अंगात येऊ शकते. इथे रोमान्स लिहिणाऱ्याला एक भारी प्रश्न मिळतो. तुमचा हिरो जिच्या प्रेमात पडलाय ती बाई आहे की तिच्या अंगातला शेकडो वर्षांचा आत्मा? आणि ज्या रात्री आत्मा बोलत असतो त्या रात्री तिची संमती कुणाची? हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर गोष्ट घाण होते, त्याला भिडलात तर गोष्ट वर जाते.

आता एक प्लॉट नीट उघडून दाखवते, म्हणजे पद्धत कळेल.

दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांत माणूस घरापासून लांब मेला तर नुसती बॉडी आणून भागत नाही, त्याचा आत्मा तिथेच राहतो. मग घरचं कुणीतरी उम्लाह्लांकोसी नावाच्या झाडाची फांदी घेऊन तो मेला त्या जागी जातं. बोरीच्या जातीचं काटेरी झाड आहे ते. तिथे त्याला नावाने हाक मारायची, 'चल, घरी जाऊ' म्हणायचं, आणि फांदी घेऊन निघायचं. वाटेत इतर कुणाशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं, नदी आली की सांगायचं आता नदी ओलांडतोय. आणि बसमध्ये त्याचं वेगळं तिकीट काढायचं. हे तिकीट वाचलं की मी तर तिथेच थांबते, असला डिटेल कल्पनेतून निघत नाही.

याला इतिहास जोडा. वर्णभेदाच्या काळात एएनसीची, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची मंडळी परदेशात परागंदा होती, त्यांचं मुख्यालय झांबियात लुसाकाला होतं, आणि कितीतरी जण तिकडेच मेले, तिकडेच पुरले गेले. सरकारने आता त्यांचे अवशेष परत आणायला घेतलेत, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झांबिया आणि झिम्बाब्वेतून ४० हून जास्त जणांचे आले. म्हणजे हा विषय जुना नाही, चालू आहे.

तर तुमची हिरोईन, समजा तिशीची, काकाचा आत्मा आणायला लुसाकाला गेलीय. खरं तर हे काम घरातल्या मोठ्या पुरुषाचं, पण घरात आता पुरुष उरलेला नाही, आणि हे तुम्ही गोष्टीत सांगितलंच पाहिजे, नाहीतर माहितगार वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. परतीची बस लुसाका, चिरुंडू, हरारे, बेटब्रिज करत जोहान्सबर्गला जाते. तिने दोन तिकिटं काढलीत, शेजारच्या सीटवर फांदी. चिरुंडूला झांबेझी येते. ती हळूच म्हणते, 'काका, नदी ओलांडतोय.' आणि शेजारून आवाज येतो, 'मी तुझा काका नाही.'

झालं ना सुरू? कारण हाकेला ओ देऊन भलताच कुणीतरी चढलाय, काकाबरोबर एकाच बॉम्बस्फोटात गेलेला सव्वीस वर्षांचा पोरगा, ज्याला न्यायला कधीच कुणी आलं नाही. आता नियम कामाला लावा. ती सहप्रवाशांशी बोलू शकत नाही, त्याच्याशीच बोलू शकते, म्हणजे दोन दिवस दोघंच. बेटब्रिजला लिंपोपोच्या पुलावर इमिग्रेशनचा माणूस विचारणार ही सीट कुणाची, आणि तिने तोंड उघडायचं की नाही? घरी पोचल्यावर फांदी घराच्या मागच्या पवित्र भागात, उम्सामोत ठेवायची, पण तिथे परक्या कुळाचा माणूस आत कसा घेणार? आणि सगळ्यात मोठं दुखणं, काका अजून लुसाकातच आहे. तिला प्रेम आणि कर्तव्य यात निवडायचं नाहीये, तिला परत जायचंय, पैसे नाहीत आणि फांदी एकच आहे. यात मी एकही राक्षस घातला नाही बघा.

पुढची गोष्ट, देणं. आपल्याकडच्या बऱ्याच पॅरानॉर्मल कथांत भूत येतं ते नुसतं घाबरवायला. मोझांबिकमध्ये भूत वसुलीला येतं. तिथे १९७७ ते १९९२ फ्रेलिमो पक्षाचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात युद्ध झालं, ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला आणि त्याच महिन्यात सगळ्यांना माफी देऊन टाकली. खटले नाहीत, चौकशी नाही, गप्प बसा आणि शेती करा. पण गोरोंगोसा भागात मेलेल्या सैनिकांचे आत्मे, त्यांना गांबा म्हणतात, लोकांच्या अंगात यायला लागले, जास्त करून बायकांच्या. उपचार करणाऱ्यासमोर आत्मा बोलतो, मला कुणी मारलं, कसं मारलं, माझं काय देणं आहे. आणि बऱ्याचदा ते देणं ज्याच्या घराण्याचं असतं त्याच घरातल्या मुलीचं लग्न अडतं, मूल होत नाही. म्हणजे कोर्टाने जे केलं नाही ते भुतं करतायत.

इथे तुम्हाला मोह होणार की गांबालाच हिरो करू, देखणा मेलेला सैनिक, जखमी नजर वगैरे. मी म्हणेन नको. जो तिच्या अंगात तिच्या मर्जीविरुद्ध शिरलाय तो हिरो नाही, तो फिर्यादी आहे, त्याला फिर्यादीच ठेवा. रोमान्स बाहेरच्या दोघांत ठेवा, एक फ्रेलिमोच्या घरातली आणि एक रेनामोच्या, आणि तिच्या तोंडून तिसराच माणूस बोलतोय की तुझ्या बापाने मला मारलं. किंवा असा की मारणारा हिच्या नाही, त्याच्या घरातला निघतो. माफीच्या कायद्याने झाकलेलं सगळं अंगणात, शेजारपाजाऱ्यांसमोर बाहेर पडतं.

उत्तर युगांडातल्या अचोली लोकांकडे हीच गोष्ट आणखी रेखीव आहे. तिथे अ‍ॅलिस औमा नावाच्या बाईच्या अंगात लाक्वेना आत्मा यायचा, तिने १९८६-८७ मध्ये फौज उभी केली, सैनिकांच्या अंगाला शिया नावाच्या झाडाचं तेल चोळायचं म्हणजे गोळी लागणार नाही, जिंजाजवळ पोचली आणि हरली. मग जोसेफ कोनीची एलआरए (लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी) ही बंडखोर फौज आली आणि वीसेक वर्षं मुलं पळवली गेली. मारल्या गेलेल्याचा आत्मा, चेन, मारणाऱ्याच्या मागे लागतो. आणि दोन कुळांत खून झाला की त्यांनी एकत्र जेवायचं नाही, सोयरीक करायची नाही, जोवर भरपाई देऊन दोन्हीकडची माणसं ओपुट झाडाच्या कडू मुळाचा रस एकत्र पीत नाहीत तोवर. हे तर तयार रोमिओ-ज्युलिएट आहे, फक्त इथे सुटकेची वाटही परंपरेतच दिलीय. पळवून नेलेल्या मुलांवर मात्र रोमान्स उभा करू नका. हिरो लहानपणी पळवलेला असेल आणि आता पस्तीशीचा असेल तर ठीक, त्याचा भूतकाळ भूतकाळ म्हणून येऊ द्या, जंगलातल्या 'बायको' म्हणून वाटून दिलेल्या मुलींच्या हालांत प्रेम शोधायला जाऊ नका. ते प्रेम नव्हतं.

आता शेपशिफ्टर, म्हणजे माणसाचं जनावर होणारे. वेअरवुल्फ वाचून वाचून 'अल्फा मेल'चा कंटाळा आला असेल तर इथियोपियातल्या हरारला जा, अर्थात पुस्तकात. जुगोल म्हणतात ती जुनी तटबंदी, आणि त्या भिंतीत तरसांना रात्री आत यायला खास भोकं ठेवलेली. लोक म्हणतात तरस जिन खातात, म्हणून ते गावात आलेले बरे. वेशीबाहेर माणसं त्यांना नावाने हाका मारून मांस भरवतात. दुसरीकडे इथियोपियाच्या डोंगराळ भागात अशी समजूत की लोहार रात्री तरस होतात, त्यांना बुडा म्हणतात. ही समजूत गोड नाही, तिच्यामुळे लोहार, कुंभार आणि ज्यू बेटा इस्राएल लोकांना पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकल्यासारखं जगावं लागलं, तेव्हा लोहार खरंच दुष्ट आहे असं दाखवलंत तर तुम्ही त्या छळाच्या बाजूने लिहिताय. लोहार हिरो करा.

आणि गंमत तरसांच्या कळपात आहे. ठिपकेवाल्या तरसांत मादी मोठी, मादी वरचढ, पोरींना आईचा दर्जा मिळतो. नर वयात आला की बहुधा आपला कळप सोडतो, दुसऱ्या कळपात जातो आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहून वाट बघतो. तुमचा अल्फा हिरो खलास. इथे हिरोईनचं घराणं राज्य करतं आणि तो दारात उभा राहून नंबर लावतोय. याला १९७७ चं वर्ष द्या, ओगाडेन युद्ध, सोमालियाची फौज हरारच्या तोंडाशी आलेली, इथियोपियाच्या मदतीला क्यूबाचे सैनिक उतरलेले, आणि अदिस अबाबात डेर्ग या लष्करी राजवटीची लाल दहशत, म्हणजे विरोधकांचं हत्यासत्र सुरू. वेढ्यात माणसांनाच खायला नाही तर तरसांना कोण भरवणार? भिंतीतली भोकं उघडी ठेवायची की बुजवायची, यावर गावात भांडण. त्या भोकांपैकी एकातून रोज रात्री ती येते.

व्हॅम्पायरसाठी ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्वेनियाची गरज नाही. इंग्रजांच्या काळात नैरोबी, कंपाला, टांगानिका या पट्ट्यात अफवा पसरलेली असायची की वाझिमामोटो, म्हणजे फायर ब्रिगेडवाले, रात्री माणसं पकडून रक्त काढून घेतात. पगारी माणूस, युनिफॉर्म घातलेला, साहेबाच्या ऑर्डरवर रक्त काढणारा. मला विचाराल तर हा व्हॅम्पायर सगळ्यात जास्त अंगावर येणारा आहे, कारण त्याला स्वतःला भूक नाही, त्याला नोकरी आहे. हिरो त्या फायर स्टेशनवर लागलेला स्थानिक पोरगा केलात, तर तो रक्त घेतो की नाही हे वाचकाला अर्ध्या पुस्तकापर्यंत कळू देऊ नका. पण एक लक्षात असू द्या, २०१७ मध्ये मलावीत अशाच रक्तपिपासूंच्या अफवेवरून जमावाने माणसं ठेचून मारली होती, संयुक्त राष्ट्रांना काही भागातून आपला स्टाफ हलवावा लागला होता. अफवेची मजा घेताना जमाव रंगवाल तेव्हा जमाव भयंकरच दिसला पाहिजे.

बियाफ्राबद्दल जरा थांबून बोलते, कारण तिथे माल खूप आहे. ३० मे १९६७ ला नायजेरियाच्या पूर्व भागाने बियाफ्रा म्हणून वेगळं व्हायची घोषणा केली, जुलैत युद्ध, १५ जानेवारी १९७० ला शेवट. नाकेबंदीमुळे लाखो माणसं, त्यात मुलं जास्त, उपासमारीने मेली. बाहेरून अन्न यायचा मोठा रस्ता म्हणजे उलीची धावपट्टी, आणि ती होती काय तर हायवेचाच रुंद केलेला तुकडा. साओ टोमे बेटावरून विमानं रात्री यायची, वर नायजेरियाचं बॉम्बर घिरट्या घालतंय, म्हणून धावपट्टीवरचे दिवे फक्त उतरायच्या क्षणी लावायचे आणि लगेच विझवायचे.

आता इग्बो लोकांमधली ओग्बांजेची समजूत घ्या. मरून पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येणारं मूल. त्याने इयी-उवा नावाची वस्तू, बहुतेक दगडबिगड, कुठेतरी पुरून ठेवलेली असते, ती आत्म्यांच्या जगाशी असलेली त्याची गाठ. ती शोधून खणून काढली की मूल राहतं. आता तुमची हिरोईन मोठी झालेली, पंचविशीची ओग्बांजे, कशी कोण जाणे जगलेली, पण तिची इयी-उवा कधी सापडलीच नाही. हिरो उलीला दिवे लावणारा. आणि त्याला कळतं की ती वस्तू धावपट्टीच्या डांबराखाली आहे, रस्ता रुंद करताना गाडली गेली. ती वाचायची तर धावपट्टी खणावी लागणार. धावपट्टी खणली तर त्या रात्रीचं दूध उतरणार नाही. असा पेच मिळाला की खलनायक लागत नाही, आणि ती स्वतः काय म्हणते याला सगळ्यात जास्त वजन द्या, नाहीतर ती नुसती वाचवायची वस्तू होऊन बसेल. बाकी इथेच मामी वाटाही भेटेल, आरसा, कंगवा, साप आणि पैसा देणारी, बदल्यात एकनिष्ठता मागणारी जलदेवता, पण तिच्यावर इतक्यांनी लिहिलंय की नवीन काही सुचत असेल तरच जा.

वस्तूंवरून सुरुवात करायची असेल तर पटकन दोन. काँगो लोकांच्या न्किसी न्कोंडी मूर्ती, ज्यात शपथ घेताना लोखंडी खिळा ठोकतात आणि शपथ मोडणाऱ्याच्या मागे ती लागते. अशा कितीतरी मूर्ती आज युरोपच्या म्युझियममध्ये उभ्या आहेत, खिळ्यांसकट, म्हणजे कुणाच्या तरी शपथा अजून चालू आहेत. आणि मालीमधल्या टिंबक्टूतल्या सिदी याह्या मशिदीचा दरवाजा, जो जगाच्या अंतापर्यंत बंद राहणार अशी श्रद्धा होती, तो २०१२ मध्ये अन्सार दिन या सशस्त्र इस्लामी गटाच्या लोकांनी कुदळीने फोडला. पुढे दुरुस्त करून बसवला. मधल्या काळात आतून काय बाहेर पडलं हे तुम्ही ठरवा.

कुठे हात लावायचा नाही तेही सांगते, हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. रवांडाच्या १९९४ च्या नरसंहारात भुताचा रोमान्स नको. न्यामाटाच्या चर्चमध्ये मेलेल्यांचे कपडे अजून ठेवलेत, ज्यांचे ते कपडे त्यांची भावंडं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मारणारा आणि वाचलेली यांचं प्रेम हा प्लॉट तर डोक्यात आला तरी झटकून टाका. काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा १९६१ मध्ये मारले गेले, त्यांचा दात बेल्जियमने २०२२ मध्ये घरच्यांना परत केला, शरीराचं उरलेलं तेवढंच, त्यांच्या भुताला कुणाचा प्रियकर करू नका. सुदानचं एप्रिल २०२३ पासूनचं युद्ध अजून चाललंय, तिथल्या माणसांना अजून रडायलाच वेळ मिळालेला नाही. आणि झांझिबारचा पोपोबावा रात्री लोकांवर बलात्कार करतो असं सांगतात, 'डार्क रोमान्स' म्हणून तो कुणीतरी घेणार हे मला माहितीय, घेऊ नका.

शेवट कसा करायचा हा खरा डोकेदुखीचा भाग. रोमान्सच्या वाचकाला ती दोघं एकत्र हवीत, आणि हवीतच, तो या प्रकाराचा करार आहे. पण वर सांगितलेल्या गोष्टींत दोघांनी एकमेकांना मिठी मारून देणं फिटत नाही. अचोली गोष्टीत कडू रस दोन कुळांनी प्यायचाय, मोझांबिकमध्ये घराण्याने कबूल करायचंय, झुलू गोष्टीत परक्या आत्म्याला त्याचं स्वतःचं घर शोधून द्यायचंय. त्यामुळे शेवटच्या चॅप्टरमध्ये गर्दी पाहिजे, म्हाताऱ्या बायका, भांडणारे काका, भरपाईच्या गुरांवरून घासाघीस. चंद्रप्रकाशात दोघंच असा शेवट लिहिलात की समजा नियम गोष्टीतून कधीच गळून पडलाय.

लिहिताना भाषेचं थोडं. 'टोळी', 'रानटी', 'काळी जादू' हे शब्द काढूनच टाका, इग्बो किंवा झुलू कोट्यवधींत आहेत, टोळी कसली. इयी-उवा, उम्सामो असे शब्द तसेच ठेवा, वाक्यातून कळू द्या, दर वेळी समजावत बसू नका. गावाकडचं कॅरेक्टर आहे म्हणून त्याच्या तोंडी आपली ग्रामीण बोली घालू नका, साधी घरगुती मराठी पुरते. नावं एका प्रदेशाची एकाच ठिकाणी ठेवा, इग्बो घरात योरुबा नाव आलं तर का आलं ते सांगा. त्या भागातला कुणी वाचक मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर निदान तिथल्याच लेखकांचं वाचा, टुरिस्टांचं नको.

आणि पैशांकडे बघा, रोमान्सवाले हमखास विसरतात. तुमचा उलीचा दिवेवाला युद्धानंतर लग्न करणार असेल तर त्याच्या हातातले बियाफ्राचे पाउंड तोवर रद्दी झालेत, आणि बँकेत शेकडो पाउंड होते म्हणून तो ऐटीत गेला तरी सरकारने ठरवलंय की आधी कितीही ठेवलेले असोत, मिळणार सरसकट वीस. लग्नाचा खर्च त्या विसात बसवा.